वळलेलें देऊळ आणि न वळलेली रांग

औंढा नागनाथ हें क्षेत्र १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निर्माण होईपर्यंत परभणी जिल्ह्यांत होतें. नामदेवांना कीर्तनासाठीं देवळामागें जावयास सांगितलें, तेव्हां देऊळच त्यांच्याकडे वळलें, अशी तेथील आख्यायिका आहे. परंतु या देवळाचा गाभारा भूमीखालीं असून वाट अरुंद पायऱ्यांची आहे. ज्याचे पाय चालत नाहींत, त्याच्याकडे कोणीं वळावयाचें?

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यानें सार्वजनिक इमारतींत उतरणी बांधावयास सांगितलें; पण आर्थिक ऐपतीची पळवाट ठेविली. २०१६ च्या कायद्यानें सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येंत धर्मस्थानें आणि करमणुकीचीं स्थानें एकत्र घातलीं. त्यामुळें दर्शनाची बारी आणि क्रीडोद्यानांतील पाळण्याची रांग एकाच न्यायाखालीं आल्या. २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहींत, बंधनकारक नियम करा, असें सरकारास बजाविलें.

जुना दगड फोडूं नये, हें खरें. परंतु रांगेचे कठडे कांहीं पुरातन नव्हेत. चाकांची खुर्ची जाईल एवढी त्यांतील वाट, फूटभर चढाला बारा फुटांची उतरण, मध्यें टेकावयास बांक, एवढें तरी माणसाच्या हातचें आहे. जेथें देऊळ वळल्याची कथा सांगतात, तेथें रांग वळविणें अवघड नसावें.