आवर्ती कॉलचा प्रतिबंध (एएस/४००)

आवर्ती कॉल म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमला, त्याचे काम पूर्ण होण्याआधीच, त्याने स्वतः किंवा त्याने बोलावलेल्या अन्य प्रोग्रॅमने पुन्हा बोलावणे. आयबीएमच्या एएस/४०० आणि त्याच परंपरेतील मध्यम श्रेणीच्या व्यावसायिक संगणकांवर असे कॉल बहुधा कोणी हेतुपुरस्सर लिहीत नाही. वापरकर्ता एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जात राहिला की ते घडतात. आवर्तन आणि पुनरावृत्ती यांत गल्लत होऊ नये. पुनरावृत्तीत एक फेरी संपल्यावर दुसरी सुरू होते. आवर्तनात पहिली अपुरी असतानाच दुसरी तिच्या पोटात सुरू होते.

पार्श्वभूमी

सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ या संगणकांचा वारसा घेऊन आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० जाहीर केला. पुढे त्याची नावे बदलत गेली आणि २००८ पासून त्याची कार्यप्रणाली 'आयबीएम आय' म्हणून ओळखली जाते. त्यावरील हिशेब, साठा व मागणी-नोंदणीचे बरेचसे प्रोग्रॅम आरपीजी या भाषेत लिहिलेले असतात. या भाषेचा उगम १९५९ मधील असून अहवाल छापणे हा तिचा मूळ हेतू होता.

आवर्तन का घडते

केळशीहून मुंबईला आंब्याच्या पेट्या पाठवणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याची कल्पना करावी. कारकून ग्राहकाच्या पडद्यावरून मागणीच्या पडद्यावर जातो. मागणी अर्धी भरून झाल्यावर दुसऱ्या ग्राहकाची थकबाकी पाहावीशी वाटते, म्हणून तेथूनच कळ दाबून तो ग्राहकाचा पडदा पुन्हा उघडतो. त्याच्या दृष्टीने हे खातेवहीचे पान मागे उलटण्यासारखे आहे. संगणकाच्या दृष्टीने मात्र ग्राहक-प्रोग्रॅम संपलेलाच नाही. तो कॉल-स्टॅकमध्ये मागणी-प्रोग्रॅमच्या खाली वाट पाहत आहे.

आरपीजीच्या मुख्य प्रोग्रॅममधील चलांना स्मृतीत एकच कायम जागा मिळते. दुसऱ्यांदा प्रवेश दिला, तर पहिल्या ग्राहकाच्या नाव-रकमांवर दुसऱ्याची माहिती लिहिली जाईल आणि मागणी भलत्याच्या नावे चढेल. म्हणून प्रणाली असा कॉल नाकारते व आरपीजीच्या नव्या आवृत्तीत 'आरएनएक्स८८८८' ही त्रुटी दाखवते. हा नकार माहितीच्या रक्षणासाठीच आहे, पण तो उशिरा येतो. अनाकलनीय पडदा पाहून कारकून भलताच पर्याय निवडतो आणि अर्धी भरलेली मागणी हातची जाते.

सीएल या आज्ञाभाषेतील प्रोग्रॅमला स्वतःला बोलावण्याची मुभा असते. त्यामुळे सीएलमधील मेनू एकमेकांना बोलावत राहिले, तर त्रुटी येत नाही, पण कॉल-स्टॅक निमूटपणे वाढत जातो.

प्रतिबंधाचे मार्ग

खरा उपाय रचनेतच आहे. पडद्यांच्या प्रोग्रॅमांनी एकमेकांना थेट बोलावू नये. प्रत्येकाने 'पुढे कोठे जायचे' एवढी खूण परत द्यावी आणि एका नियंत्रक प्रोग्रॅमने पुढचा पडदा उघडावा. जुन्या प्रणालीत एवढा बदल क्वचितच परवडतो. तेथे बोलावण्याआधी तपासणी करावी लागते.

सर्वांत परिचित युक्ती संदेशाची आहे. बोलावणारा सीएल प्रोग्रॅम इच्छित प्रोग्रॅमच्या नावे एक संदेश पाठवतो. तो प्रोग्रॅम कॉल-स्टॅकमध्ये नसेल, तर संदेश पोहोचत नाही व 'सीपीएफ२४७९' ही त्रुटी येते. म्हणजे बोलावण्यास हरकत नाही. संदेश पोहोचला, तर प्रोग्रॅम आधीच चालू आहे. मग तो संदेश काढून टाकून वापरकर्त्याला साध्या भाषेत सूचना देता येते. ही तपासणी केवळ नाव पाहते, हा तिचा दोष. दुसऱ्या लायब्ररीतील त्याच नावाचा प्रोग्रॅमही तिला तोच वाटतो. कॉल-स्टॅक वाचून देणारी प्रणालीची स्वतंत्र सुविधाही आहे. तिच्यातून लायब्ररीचे नावही कळते.

काही जण लोकल डेटा एरियात 'चालू आहे' अशी खूण ठेवतात. प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर ती खूण तशीच राहते आणि पुढचा रास्त कॉलही नाकारला जातो. शिवाय पार्श्वभूमीत सोपवलेल्या कामाला या जागेची प्रत मिळत असल्याने खूणही त्याच्याबरोबर जाते.

ऑब्जेक्टला कुलूप लावण्याचा मार्ग वरवर सोपा, पण येथे निरुपयोगी ठरतो. कुलूप त्या जॉबच्या मालकीचे असते, त्यामुळे ते दुसऱ्या वापरकर्त्याला अडवते; त्याच जॉबमधल्या दुसऱ्या प्रवेशाला ते अडवत नाही.

ट्रिगरमधील आवर्तन

फाइलमध्ये नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या ट्रिगर प्रोग्रॅमने त्याच फाइलमध्ये पुन्हा बदल केला, तर तो स्वतःलाच जागे करतो. येथे पडदा नसतो आणि कळ दाबणारा कोणी नसतो, म्हणून कारण सापडण्यास वेळ लागतो. जुनी व नवी नोंद ताडून पाहणे आणि प्रत्यक्ष फरक असेल तरच लिहिणे, हा येथील नेहमीचा उपाय आहे.

हेतुपुरस्सर आवर्तन

वस्तूच्या सुट्या भागांची यादी उलगडताना आवर्तन सोयीचे असते, कारण भागांनाही भाग असतात. १९९४ मध्ये आलेल्या आरपीजी-४ भाषेत पुढे उपकार्यपद्धतींची सोय झाली. त्यांतील स्थानिक चलांना, ती स्थिर म्हणून घोषित केली नसतील तर, प्रत्येक कॉलमध्ये नवी जागा मिळते. त्यामुळे अशा उपकार्यपद्धती स्वतःला निर्धोकपणे बोलावू शकतात.