मीठ आठवतं, मोह का विसरलो?

मिठाचा कायदा शाळेत शिकवतात. मोहाचा कायदा कुणी शिकवत नाही. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात मीठ आणि अबकारी दोन्ही एकाच खात्याकडे होती, हे म्हणूनच सांगावंसं वाटतं.

आपल्या मुंबईची नावं बघा. चिंचपोकळी, ताडदेव, माझगावची ताडवाडी. शहर झाडांच्या नावाने ओळखलं जायचं. त्यातल्या ताडामाडांवर भंडारी चढायचे, ताडी काढायचे. खाडीपलीकडे ठाणे-कुलाब्याच्या डोंगरात मोह होता. चैत्राच्या सुमारास पहाटे फुलं गळतात, बायकापोरं वेचतात, वाळवून ठेवतात. टंचाईच्या दिवसांत तीच खायची. उरलेली भिजवून, आंबवून मडक्यात गाळायची.

1878 साली मुंबई अबकारी कायदा आला. त्यामागचा अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या. गाळायचं ते सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत, मक्तेदारांनी. ताडीच्या झाडावरचा कर वाढला, भंडाऱ्यांचं कंबरडं मोडलं. तरी डोंगरातली चोरटी भट्टी थांबेना, म्हणून 1892 मध्ये खास मोहाचा कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं बाळगण्यावरच बंधनं आली!

गंमत बघा, त्याच काळात उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती आणि मुंबईत विकली जात होती. म्हणजे दारू वाईट नव्हती. कर न भरलेली दारू वाईट होती.

1930 मध्ये मिठासाठी देश उठला. मोहासाठी कोण उठणार? काँग्रेसलाच दारूबंदी हवी होती. मोहाला वकील मिळाला नाही तो असा.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. लालबाग-परळ-चिंचपोकळीच्या गिरणगावात दारू थांबली का? काळा गूळ आणि नवसागराची हातभट्टी ट्यूबमधून पोचायला लागली. पुढे बंदी सैल झाली, सरकारमान्य देशी आली, पण ती साखर कारखान्याच्या मळीची. झाडाची जागा कारखान्याने घेतली. आणि 2015 मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. त्यात मिथेनॉल होतं. त्याचा मोहाशी काही संबंध नव्हता, पण बदनाम ‘गावठी’ हा शब्दच झाला.

तिकडे मेक्सिकोत डोंगरातली घायपात खड्ड्यात भाजून, दगडी चाकाखाली चिरडून मेझकल गाळतात. 1994 मध्ये तिथे त्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. आपल्या शेजारी गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात 2021 मध्ये मोहफुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल झाली, हे चांगलंच. पण वेचणाऱ्या बाईने दारी भट्टी लावली तर ती आजही गुन्हेगार.

दारूचं गुणगान करायचं नाहीये. तिने घरं बुडतात, गिरणगावाला हे वेगळं सांगायला नको. गडचिरोलीत लोकांनी आंदोलन करून 1993 मध्ये दारूबंदी मिळवली, त्यामागचं दुःख खरं आहे. पण बंदी असेल तर मळीवाल्यालाही असावी. आणि परवाना द्यायचाच असेल, तर मोह वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेला, तपासणीची सोय करून, का नाही? उद्या मोहाची बाटली पंचतारांकित हॉटेलात ‘हेरिटेज’ म्हणून मिरवेल. तिच्यावर नाव कुणाचं असेल, हे आजच विचारायला हवं.