मिठाच्या चिमटीपासून पिठाच्या पिशवीपर्यंत

गटाच्या बैठकीत जमा-खर्च वाचला जातो तेव्हा एखादी तरी विचारतेच, "हे वीस रुपये कशाला गेले गं?" वीस रुपयांसाठी आपण अर्धा तास वाद घालतो आणि ते बरोबरच आहे, कारण पैसा आपला असतो. मग देशाचा जमा-खर्च, म्हणजे केंद्राचा अर्थसंकल्प, वाचायला लागले की आपण टीव्ही बंद करून चुलीकडे का वळतो? "आपण कुठं कर भरतो? तो नोकरदारांचा विषय," असं म्हणून आपण मोकळ्या होतो. आज मी तुम्हाला याच 'कुठं कर भरतो'चा थोडा इतिहास सांगणार आहे.

इंग्रजांच्या काळात मिठावर कर होता. १८८८ साली तो मणामागे अडीच रुपये झाला. राजाच्या जेवणात आणि मजुराच्या भाकरीत मीठ जवळजवळ सारखंच लागतं, म्हणून हा कर गरिबाच्या कमाईतून जास्त खायचा. पैसा जात कुठं होता? १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं. सरकारची तिजोरी शेतकऱ्यांच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. खेड्यातल्या मुलांसाठी प्राथमिक शाळा काढा, अशी त्यांची मागणी होती.

पुढं वीस वर्षांनी, मार्च १९०२ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदे मंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. मूळचे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्या वर्षी सरकारच्या हातात सात कोटी रुपये शिल्लक होते आणि सगळे सभासद अर्थमंत्र्याचं अभिनंदन करत होते. गोखले म्हणाले, या अभिनंदनात मला मनापासून सामील होता येत नाही. देश नुकताच दुष्काळातून गेलेला. लोक उपाशी आणि तिजोरीत शिल्लक, याचा अर्थ गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला गेला. मिठाचा कर कमी करा आणि शिक्षणावर खर्च करा, असं त्यांनी आकडे मांडून सांगितलं. ते बोलत राहिले, इतरही बोलले. १९०३, १९०५ आणि १९०७ असा तीनदा कर उतरला आणि मणामागे एक रुपयावर आला. पण नंतर तो पुन्हा वाढला. मग १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. आपल्याकडे शिरोड्याला सत्याग्रह झाला. मुंबईत अवंतिकाबाई गोखले, कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या बायका पुढं झाल्या. अखेर १९४७ साली मिठाचा कर गेला.

दुसरी गोष्ट आपल्या आज्यांची. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं! त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी पैसा कुठून आणला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शहरातले पगारदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवला आणि राज्याने त्यात तेवढीच भर घातली. ज्याच्या हाताला काम होतं त्याच्याकडून थोडं घेतलं आणि जिच्या हाताला काम नव्हतं तिला दिलं. आजीने बांधलेला पाझर तलाव अजून आहे. २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्यालाही या अनुभवाचा आधार होता.

आता अलीकडचं बघू. १ फेब्रुवारी २०२३ ला ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. त्यात चांगलंही होतं. महिलांसाठी साडेसात टक्के व्याजाचं सन्मान बचतपत्र आलं. नव्या करपद्धतीत तेव्हा सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना आयकर नव्हता. पण दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्यांचं वर्षाचं उत्पन्न पाच कोटींच्या वर होतं, त्यांच्या करावरचा अधिभार नव्या पद्धतीत ३७ टक्क्यांवरून २५ टक्के केला. आणि रोजगार हमीसाठी ६० हजार कोटी ठेवले. त्याआधीच्या वर्षी ७३ हजार कोटी ठेवले होते, ते पुरले नाहीत म्हणून ८९,४०० कोटींपर्यंत न्यावे लागले. तरी २०२३ ला साठच.

सरकारचं म्हणणं होतं, मागणी आली तर पैसे वाढवू. मागे वाढवलेही होते, हे खरं. पण मधल्या काळात काय होतं? २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या तिघी २५६ रुपये रोजाने कामावर गेल्या. कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत यायला हवी होती, ती आली दोन महिन्यांनी. तोवर किराण्यासाठी तिघींनी गटातून कर्ज उचललं. म्हणजे अडकलेल्या मजुरीचं व्याज त्यांनीच भरलं.

आमच्याच गटात एक विधवा काकू आहेत. २०२३ च्या सुरुवातीला त्यांना महिन्याला हजार रुपये मिळत होते. त्यात दिल्लीचा वाटा ३०० रुपयांचा, बाकीचे राज्याचे. हे ३०० रुपये २०१२ पासून तेवढेच आहेत. तेल वाढलं, डाळ वाढली, एसटीचं तिकीट वाढलं. हा आकडा मात्र तसाच.

आणि त्या काकू कर भरतात बरं का. जुलै २०२२ पासून पॅकबंद पिठावर, पॅकबंद दह्यावर पाच टक्के जीएसटी आहे. तो केंद्र आणि राज्यं मिळून ठरवतात, त्यामुळे दोघांनाही विचारायला हवं. साबण, चप्पल, मोबाईलचा रिचार्ज, सगळ्यावर कर आहे. बंगल्यातली बाई आणि काकू एकाच दराने भरतात. मिठाच्या चिमटीतली गोष्ट आज पिठाच्या पिशवीत आली आहे. म्हणून "आम्ही कर भरत नाही" असं यापुढे म्हणू नका.

येत्या बैठकीत दोन कामं करा. घरी सामान आणल्यावर पक्की पावती जपून ठेवा आणि गटात बसून बेरीज करा, महिन्यात आपल्या गटाने किती जीएसटी भरला. दुसरं म्हणजे काम हवं असेल तर तोंडी सांगू नका. लेखी अर्ज ग्रामपंचायतीत द्या आणि तारखेची पोच घ्या. मागणी कागदावर आली नाही, तर "मागणीच नाही" असं म्हणायला वरचे मोकळे.

गोखल्यांनी आकडे मांडले, म्हणून त्यांचं म्हणणं सरकारला टाळता आलं नाही. आपल्याकडेही वह्या आहेत आणि हिशोब आपल्याला येतो. वीस रुपयांचा जाब विचारणाऱ्या आपण, देशाच्या अर्थसंकल्पाबद्दलही विचारू शकतो: घेतलं कुणाकडून आणि दिलं कुणाला?