मेबॅक, मेस्त्री आणि अर्धी विकलेली गाडी

सप्टेंबर २०२४ मध्ये मर्सिडीज-मेबॅकची ईक्यूएस ६८० ही विजेवर चालणारी एसयूव्ही भारतात आली. तेव्हा किंमत होती सव्वादोन कोटींपासून पुढे. देशातल्या बहुतेकांच्या कानावर मेबॅक हे नाव गेल्या वीसेक वर्षांत पडलं असेल. कोल्हापुरात ते त्याच्या कितीतरी आधीपासून पोराटोरांच्या तोंडी आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक राजघराण्याने जपली आहे. शाही दसऱ्याला ती दसरा चौकात येते आणि शमीपूजनासाठी जमलेल्या गर्दीतल्या बऱ्याच माना पालखीकडून गाडीकडे वळतात. एकाच नावाच्या या दोन गाड्यांमध्ये आठ-नऊ दशकांचं अंतर आहे. त्या अंतरात वेग, आराम, इंधन सगळंच बदललं, पण त्याहून मोठा बदल मालकीत झाला. महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांचे मालक सॉफ्टवेअरवर कुरकुरतात तेव्हा आपण ती तांत्रिक तक्रार समजतो: पडदा अडकतो, फोन जोडला जात नाही, अपडेट अर्ध्यावर थांबतं. हे सगळं खरंच आहे. पण कुरकुरीचं मूळ वेगळं आहे असं मला वाटतं. यंत्र विकून झाल्यावरही त्यात बदल करण्याचा अधिकार कारखानदाराकडे राहिला, आणि पैसे मोजलेल्या माणसाला ते आत कुठेतरी खुपतं. हे का खुपावं, याचा पुरावा कोल्हापूरच्या यंत्रांच्या इतिहासात सापडतो.

आधी जुन्या मेबॅकचं पाहू. १९०९ मध्ये ही कंपनी निघाली ती झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवायला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीत विमानांची इंजिनं बनवण्यावर बंदी आली, तेव्हा पोटापाण्यासाठी ती मोटारींकडे वळली आणि १९२१ ते १९४१ या वीस वर्षांत जेमतेम अठराशेच्या आसपास गाड्या तिने बनवल्या. कंपनी देई ती चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स. वरची बॉडी बहुधा राव्हेन्सबुर्गचा श्पोन किंवा दुसरा कुणी बॉडीवाला बांधी, आणि ती गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधी. बैठक किती रुंद, टप उघडणारा की बंद, सामानाची जागा कुठे, हे सगळं घेणारा ठरवी. म्हणजे गाडी पुरी करण्याचं काम घेणाऱ्याच्या इच्छेने होई आणि एकदा पुरी झाली की कारखान्याचा तिच्याशी संबंध संपे. १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेल्या राजाराम महाराजांना यंत्रांचं वावडं नव्हतं. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मध्ये सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत. पण त्याच वर्षी युद्ध पेटलं. मेबॅकचा कारखाना टायगर आणि पँथर रणगाड्यांच्या इंजिनांना जुंपला गेला आणि युद्ध संपल्यावर त्याने पुन्हा मोटारगाड्या बनवल्याच नाहीत. १९६० मध्ये कंपनी डेमलर-बेंझच्या पोटात गेली. म्हणजे कोल्हापूरची मेबॅक अगदी तरुणपणीच पोरकी झाली. ना कारखाना, ना हमी, ना पार्टांची यादी घेऊन बसलेला कुणी विक्रेता. तरीही ती टिकली, कारण उघडून, मोजून, पुन्हा घडवता येणार नाही असं तिच्यात काही नव्हतं. पिस्टन असो की बुश, त्याचं माप त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं.

माप घेऊन पार्ट पुन्हा घडवणं हीच या शहराची विद्या. तिचा सगळ्यात झळझळीत पुरावा मोटारीतला नाही, सिनेमातला आहे. बाबूराव पेंटर आणि त्यांचे मावसभाऊ आनंदराव यांनी परदेशी यंत्रं न्याहाळून स्वतःचा कॅमेरा बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी व्ही. जी. दामल्यांसारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने कॅमेरा पुरा केला आणि त्यातून महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. हे काही कुणी शिकवलेलं इंजिनिअरिंग नव्हतं. यंत्र समोर आहे, ते कसं चालतं हे दिसतं आहे, मग आपल्याला का जमू नये, इतका साधा हट्ट त्यामागे होता. पुढच्या काळात हाच हट्ट शेतावर उतरला. पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठाने ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, आणि पाणी उपसायला व चरक फिरवायला लिस्टर, रस्टन अशी विलायती ऑइल इंजिनं आली. गुऱ्हाळाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. तोडलेला ऊस पडून राहिला की रस बिघडतो, म्हणून बंद पडलेलं इंजिन रातोरात चालू करावंच लागे. विलायतेहून पार्ट यायची वाट कोण बघणार? त्यातच दुसऱ्या महायुद्धाने आयात आवळली. मेस्त्री लोकांनी बोअर मारला, रिंगा ओतल्या, हेड घासलं, आणि दुरुस्ती करता करता अख्खं इंजिनच बनवायला घेतलं. शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं ते यातून. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं तिथे आजही आदराने घेतली जातात. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला आणि आज देशातल्या मोटार कारखान्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या तीनेकशे फाउंड्र्या या परिसरात आहेत. देशी बनावटीचं इंजिन विलायती इंजिनापेक्षा सरस होतं असा दावा मी करणार नाही. शेतकऱ्याला ते आवडे, कारण त्याचा मेस्त्री दोन मैलांवर होता.

इथे कुणी म्हणेल की हा भूतकाळाचा लाड झाला. राजाच्या मेबॅकला ड्रायव्हर, क्लीनर, मोटारखाना सगळं होतं. ती टिकली ती यंत्राच्या मोकळेपणामुळे की खजिन्यामुळे? आणि मेस्त्री तरी कुठे देव होता? अंदाजाने ठोकलेले पार्ट, अस्सल म्हणून खपवलेला डुप्लिकेट माल, स्वतःची खुबी शागिर्दालाही न दाखवणारे उस्ताद, हेही त्याच इतिहासात आहेत. दोन्ही आक्षेप रास्त आहेत. पैशाचा वाटा मोठाच होता. पण पैशाने टिकवता येईल इतकी ती गाडी उघडी होती, हे आधी खरं असावं लागतं. कुलूपबंद वस्तूपुढे खजिनाही हात चोळत बसतो. आणि राजाचं उदाहरण नको असेल तर पाच अश्वशक्तीचं इंजिन बाळगणारा शेतकरी घ्या, त्याच्याकडे खजिना नव्हता. मेस्त्रीच्या लबाडीवरचा इलाजही सोपा होता: दुसऱ्या मेस्त्रीकडे जाणं. ही निवड मालकाच्या हातात असल्यामुळेच मेस्त्रीलाही धाक होता.

आता आजची गाडी. २०१२ मध्ये टेस्लाची मॉडेल एस आली आणि रात्री घरासमोर उभी असलेली गाडी सकाळी बदललेली सापडू शकते, हे जगाने पाहिलं. या बदलाचे फायदे नाकारणं खोटेपणा होईल. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने मॉडेल ३ चं ब्रेक लागायचं अंतर फार असल्याचं दाखवलं, आणि काही दिवसांत कंपनीने हवेतून पाठवलेल्या सुधारणेने ते जवळजवळ वीस फुटांनी कमी झालं. एकही पाना न फिरवता ब्रेक सुधारणं कोल्हापूरच्या कुठल्याही मेस्त्रीला जमलं नसतं. पण तीच वाट दुसऱ्या दिशेनेही चालते. २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ येत होतं तेव्हा टेस्लाने काही मालकांच्या गाड्यांची धाव तात्पुरती वाढवली. संकटात केलेली मदत म्हणून तिचं कौतुक झालं. पण त्यातून हेही उघड झालं, की मालकाच्या दारातल्या बॅटरीचा एक भाग इतके दिवस कंपनीने कुलूप लावून ठेवला होता. २०१९ मध्ये काही जुन्या मॉडेल एस गाड्यांना आगी लागल्यावर आलेल्या अपडेटने बॅटरीची क्षमता आखडली. मालक कोर्टात गेले, आणि २०२१ मध्ये सतराशेहून अधिक गाड्यांसाठी पंधरा लाख डॉलरची तडजोड झाली. मर्सिडीजने ईक्यूएसमध्ये मागची चाकं दहा अंशांपर्यंत वळवणारी यंत्रणा बसवली, पण जर्मनीत सुरुवातीला काही गाड्यांत ती साडेचार अंशांवरच रोखून धरली; पुढचे अंश वर्षाची वर्गणी भरणाऱ्याला. लोखंड गाडीत आहे, मोटर गाडीत आहे, वजन मालक वाहतो आहे, आणि वळण भाड्याने घ्यायचं! श्पोनच्या कारागिराला हा हिशेब कुणी समजावला असता तर त्याला तो चेष्टा वाटला असता.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र फिस्करचं, कारण ते जुन्या मेबॅकच्या कहाणीशी थेट ताडून पाहता येतं. जून २०२४ मध्ये ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तिच्या ओशन या इलेक्ट्रिक एसयूव्हीच्या हजारो मालकांना कळून चुकलं की गाडी धडधाकट असली तरी तिचं चालणं कंपनीच्या सर्व्हरवर आणि तिच्याकडच्या सॉफ्टवेअरवर बेतलेलं होतं. मालकांनी संघटना काढली, स्वतःच पार्ट आणि तंत्रज्ञ शोधायला लागले. म्हणजे मेस्त्रीचा शोध सुरू झाला, फक्त या वेळी कुलपाच्या बाहेर उभं राहून. मेबॅकची कंपनी मोटारीच्या धंद्यातून गेली तेव्हा गाडीचं काही अडलं नाही. फिस्कर गेली तेव्हा गाडीच्या अकलेचा एक भाग तिच्याबरोबर गेला.

यावर अभियंत्यांचं उत्तर ठरलेलं असतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. चारशे-आठशे व्होल्टची बॅटरी, संगणकाने लावायचे ब्रेक, इंटरनेटला जोडलेलं स्टिअरिंग. हे कुणाही हौशी हातात दिलं तर माणसं मरतील, आणि चोरांना दार उघडं सापडेल. खरं आहे. ब्रेकचा मूळ कोड वाटेल त्याला बदलू द्यावा असं मीही म्हणत नाही. पण सुरक्षेसाठी लागणारं कुलूप वेगळं आणि वर्गणीसाठी लावलेलं कुलूप वेगळं. बॅटरीत किती दम उरला हे मालकाने निवडलेल्या तंत्रज्ञाला वाचता येणं, बदललेला पार्ट गाडीने ओळखून घेणं, नको असलेलं अपडेट नाकारता येणं, आणि कंपनी बुडाली तर सॉफ्टवेअर तिऱ्हाइताच्या ताब्यात देण्याची तरतूद असणं, यातल्या कशानेही ब्रेक निकामी होत नाहीत. विलायती इंजिनाचा फ्लायव्हीलही हातपाय तोडू शकत होता. म्हणून इंजिन विलायतेला परत पाठवा, असं गुऱ्हाळवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जरा खवचट आहे: दोन कोटींची गाडी घेणारा माणूस कधी बॉनेट तरी उघडतो का? तीन-चार वर्षांत तो गाडी बदलणार. त्याला समाधान हवं ते पडदा चटकन चालण्याचं. पहिल्या मालकापुरतं हे बरोबर असेल. पण गाडीचं आयुष्य पहिल्या मालकापुरतं नसतं, निदान आपल्याकडे तर नाहीच. मुंबई-पुण्यातली महागडी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने जिल्ह्याच्या गावी येते, आणि त्या मालकाला सर्व्हिस सेंटर लांब, वॉरंटी संपलेली, मोबाइलचं नेटवर्क बदललेलं अशा अवस्थेत ती वागवावी लागते. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्री-जी बंद झालं तेव्हा अनेक चांगल्या गाड्यांच्या जोडलेल्या सोयी मुक्या झाल्या, तो याचाच नमुना. शिवाय पहिल्या मालकाचंही समाधान शेवटी पुनर्विक्रीच्या भावात मोजलं जातं, आणि उघडता न येणाऱ्या जुन्या गाडीला भाव देताना घेणारा दहादा विचार करतो. त्यामुळे श्रीमंतांच्या पडद्याची गोष्ट फार काळ श्रीमंतांपुरती राहत नाही.

भारतात हा वाद अगदीच नवा नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. दंड पुढे अपिलांत अडकला. पण मोटारीचं निदान करायचं यंत्र हा गॅरेजवाल्याचा हक्क आहे, हे तत्त्व सरकारी कागदावर आलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टल सुरू केलं. मोटारी त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक. अजून कायदा मात्र नाही. तोवर पाना, स्कॅनर आणि अंदाज यांवरच छोट्या गॅरेजचं भागतं आहे.

कोल्हापूरला या प्रश्नात नुसती बघ्याची भूमिका परवडणारी नाही. सिलिंडर ब्लॉक, हेड, पिस्टन यांवर मोठं झालेलं हे शहर आहे आणि इलेक्ट्रिक गाडीत यांतलं काहीच नसतं. फाउंड्रीवाल्यांची पहिली चिंता साहजिकच ऑर्डरची. ब्लॉकच्या जागी मोटरचं हाउसिंग येईल, बिडाच्या जागी ॲल्युमिनियम, आणि ते ओतायला शिकणं या मंडळींना जड जाणार नाही. याहून अवघड गोष्टी त्यांच्या आजोबांनी केल्या आहेत. पण आजोबांना ओतायला मिळालं ते सगळं यंत्र होतं. नातवाला मिळेल ते यंत्राचं कवच. ड्रॉइंग येईल, माप येईल, आत काय चालतं ते येणार नाही. म्हणून नव्या ऑर्डरीइतकाच आग्रह शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या संघटनांनी दुरुस्तीच्या कायद्याचा धरायला हवा, आणि सॉफ्टवेअर शिकलेल्या इथल्या पोरांना पुण्याची बस पकडण्याआधी उद्यमनगरच्या गॅरेजात बसवायला हवं.