धोक्याची वर्दी



लोणारचें सरोवर पाहावयास आलेले पाहुणे कांठावर उभे राहिले, कीं बहुधा एकच प्रश्न विचारतात: "गुरुजी, असा पाषाण पुन्हां आकाशांतून कोसळला तर?" काळ्या कातळांत पडलेला तो सुमारें अठराशें मीटर रुंदीचा खड्डा पाहून असें मनांत यावें, हें स्वाभाविकच होय. माझें उत्तर ठरलेलें आहे. त्या उल्केनें कोणास वर्दी दिली नव्हती. परंतु माणसानें स्वतःच्या हातांनीं रचून ठेवलेल्या धोक्याची वर्दी माणसाला देतां येते. ती न दिल्यास काय होतें, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

आमचा बुलढाणा जिल्हा कापसाचा. खामगांवच्या पेठेसाठीं १८७० सालीं जलंबपासून आगगाडीचा फांटा आला आणि सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने हे वऱ्हाडच्या हंगामाचें अंगच होऊन बसले. १८८१ सालीं हिंदुस्थानांतील पहिला कारखाना कायदा झाला. यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घाला, अपघात कळवा, असें त्यानें बजावलें. परंतु वर्षांत चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने त्यानें वगळले. अशा हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेंत यावयास १९११ साल उजाडलें. जणू यंत्राचा पट्टा हात ओढून घेण्यापूर्वीं महिनेच मोजणार होता!

कापसाची आग मोठी कपटी. गाठीवर पाणी ओतलें, कीं वरून ती विझल्यासारखी दिसते आणि आंत धुमसतच राहते. म्हणूनच आमच्याकडील शेतकरी कापसाच्या गंजीजवळ विडी ओढूं देत नाहीं. हें साधें शहाणपण १९४४ सालीं एका जहाजावर गुंडाळून ठेवण्यांत आलें.

'फोर्ट स्टिकीन' हें तें जहाज. त्याच्या पोटांत सुमारें चौदाशें टन स्फोटक माल होता. कराचीस त्यावर कापसाच्या हजारों गाठी चढविल्या आणि १२ एप्रिल रोजीं तें मुंबईस येऊन व्हिक्टोरिया गोदींत लागलें. स्फोटकें वाहणाऱ्या जहाजावर तांबडें निशाण लावण्याचा प्रघात असे; युद्धकाळांत शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून तें लावलें नव्हतें. १४ एप्रिल रोजीं दुपारीं कापसांतून धूर निघूं लागला. बंबवाल्यांनीं शेंकडों टन पाणी ओतलें; आंतील आग विझली नाहीं. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावीत असतां गेले. त्यांखेरीज गोदींतील हमाल, कामगार आणि आसपासचे रहिवासी मिळून शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. निशाण ज्या शत्रूपासून लपविलें, त्या जपानच्या ताब्यांतील सायगांव रेडिओनें दुसऱ्याच दिवशीं ती वार्ता जगाला सांगितली. येथील वृत्तपत्रांना ती छापण्याची मोकळीक मे महिन्यांत मिळाली!

ह्या इतिहासाचें मर्म मला असें वाटतें, कीं धोका ठाऊक असणारे वेगळे आणि धोक्याशेजारीं उभे राहणारे वेगळे, ही वांटणीच घातक आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानें आगीच्या वेळीं बाहेर पडण्याची वाट व शिस्त कामगारांस शिकविण्याचें बंधन घातलें. तरीही १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळची झोपलेली वस्ती विषारी वायूनें गांठली. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीनें धोक्याच्या कारखान्यांवर दोन गोष्टी लादल्या: संकटकाळची योजना आधींच आंखावयाची, आणि धोक्याची माहिती कामगारांस व शेजारच्या वस्तीस द्यावयाची. गोदींत जें निशाण फडकलें नाहीं, तें कायद्यानें फडकवावयास त्रेचाळीस वर्षें लागलीं.

परंतु कायदा कागदावर असतो आणि आग खोलींत लागते. एका शाळेंत असतांना वाळूच्या तांबड्या बादल्यांची नोंदवही माझ्याकडे होती. दरमहा मीं "भरलेल्या आहेत" अशी सही करीत असें. एके दिवशीं प्रयोगशाळेंत स्पिरिटचा दिवा कलंडला, टेबलावर ज्वाळा पसरली. मीं धांवत जाऊन बादली उचलली. तिच्यांत खडूचे तुकडे नि पेन्सिलींचीं छिलकीं होतीं. शिपायानें ओलें पोतें टाकलें म्हणून अनर्थ टळला. कोणा मुलाला इजा झाली नाहीं. पण माझी ती सही मला आजही खुपते.

१४ एप्रिल हा दिवस अग्निशामक सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळतात. १९६६ सालीं राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तो ४ मार्च हा सुरक्षा दिन म्हणून. व्याख्यानें होतात, फलक लागतात. तें अवश्य व्हावें. माझी विनंती मात्र लहानशी आहे. उद्यां आपण आपल्या कचेरींत, कारखान्यांत वा शाळेंत गेलांत, कीं इतकेंच विचारा: येथें जळणारें, फुटणारें काय आहे? घंटा कोण वाजवील? कोणत्या दारानें बाहेर पडावयाचें, आणि बाहेर आल्यावर माणसें कोण मोजील? उत्तर ऐकून थांबूं नका; एकदां तें दार उघडून पाहा, आणि बादलींत हात घालून पाहा.