आणीबाणीतील बातम्या आणि १९७७चा कौल

माणूस रोज जे वाचतो-ऐकतो तसेच त्याचे राजकीय मत बनते, असे आपण सहज म्हणतो. हे कितपत खरे आहे, ते आणीबाणीच्या इतिहासावरून तपासून पाहू.

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. त्याच रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. पाठोपाठ छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती आली. १९७६मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ ही एकच संस्था उभी केली गेली. आकाशवाणी तर सरकारचीच होती. म्हणजे देशभर बातमीचा उगम जवळजवळ एकच झाला.

बातमीवरूनच मत ठरत असेल, तर मार्च १९७७च्या लोकसभा निवडणुकीत कौलही सर्वत्र सारखा हवा होता. प्रत्यक्षात उत्तर प्रदेशात ८५ आणि बिहारमध्ये ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. आंध्र प्रदेशात मात्र ४२पैकी ४१ मिळाल्या. निवडणुकीआधी निर्बंध सैल झाले होते, पण तेही देशभर. तेव्हा हा फरक केवळ सेन्सॉरशिपने उलगडत नाही.

उलगडा बराचसा अनुभवात आहे. १९७६-७७ या वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि सक्तीचा जाच उत्तरेत अधिक होता. १९७१च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे दोन तृतीयांश लोक निरक्षर होते. त्यांच्यासाठी बाजारात कानावर पडलेली हकीकत हीच बातमी. छापलेले आणि भोगलेले जुळेना, तेव्हा छापलेल्यावरचा विश्वास उडाला. दक्षिणेत ही तफावत कमी होती. शिवाय तिथे जनता पक्षाची संघटनाही दुबळी होती.

इथे एक सावधगिरी बाळगा. त्या काळात अनेक जण बीबीसी ऐकत. पण बीबीसी ऐकून ते सरकारविरोधी झाले, की आधीच सरकारवर नाराज असल्यामुळे बीबीसीकडे वळले? दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. बातमीची सवय मत घडवते, तसेच मतही सवय घडवते.

हाच प्रश्न आता स्वतःला विचारा: तुमच्या मोबाइलवरच्या बातम्या तुमचे मत घडवतात, की तुमच्या मतानुसार तुम्ही त्या निवडता? आणि तुमच्या डोळ्यांदेखत घडलेले त्यांच्याशी जुळले नाही, तर तुम्ही कशावर विश्वास ठेवता?