अडखळणारें एंजिन : एका निदानाचा इतिहास

रोग तोच राहिला तरी वैद्याचीं साधनें पालटतात, हा वैद्यकाच्या इतिहासांतील नेहमींचा अनुभव आहे. यंत्रांच्या बाबतींतहि त्याचा प्रत्यय येतो. डीझेल तेलावर चालणारी मोटार चढणीवर दम सोडूं लागते, किंवा तिच्या एंजिनाचा एखादा ठोका गळतो. हें दुखणें त्या मोटारीइतकेंच जुनें आहे. त्याचें निदान करण्याच्या रीति मात्र दोनदां बदलल्या. त्या कां बदलल्या हें न कळल्यामुळें आज कित्येक गृहस्थ चार आण्यांच्या दोषापायीं रुपयाचा भाग बदलून बसतात. म्हणून हा इतिहास थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेट्रोलच्या एंजिनांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी लागते. तेथें ठोका गळला तर इंधनाबरोबर ठिणगीवरहि संशय घ्यावा लागतो. डीझेल एंजिनांत ठिणगीच नाहीं. दट्ट्या हवेस इतकें दाबतो कीं ती अतिशय तापते, आणि त्या तप्त हवेंत तेलाचा बारीक फवारा शिरतांच तो आपोआप पेट घेतो. तेलाचें येणें हेंच येथें पेटणें. म्हणून दाब शाबूत असेल तर डीझेलची उपासमार आणि ठोका गळणें या दोन व्याधि सख्ख्या बहिणी ठरतात, आणि शोध घ्यावयाचा तो तेलाच्या वाटेचा.

या वाटेची अडचण प्रथम खुद्द जनकासच भोंवली. रुडॉल्फ डीझेल यास १८९३ सालीं आपल्या कल्पनेचें पेटंट मिळालें, आणि जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें त्यानें प्रयोगांस आरंभ केला. १८९७ च्या फेब्रुवारींत प्रोफेसर श्रोटर यांनीं केलेल्या परीक्षेंत त्याच्या एंजिनानें तेलांतील शेंकडा २६ भाग उष्णता कामीं लाविली. वाफेच्या एंजिनांस हें साधत नव्हतें. परंतु तेल आंत ढकलण्यासाठीं दाबलेल्या हवेचा झोत लागे, व तो उत्पन्न करणारें जड यंत्र सोबत बाळगावें लागे. कारखान्यांत व जहाजांवर हें चाललें. मोटारींत त्यास जागा कोठून असणार? २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं इंग्लंडकडे निघालेल्या बोटीवरून डीझेल नाहींसा झाला. आपलें एंजिन बाजारांतल्या मोटारींत बसलेलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

ही कोंडी पंपानें फोडली. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यानें १९२२ सालीं तेल थेट दाबून फवारणारा पंप घडविण्यास हात घातला आणि १९२७ सालीं तो विक्रीसाठीं तयार होऊं लागला. प्रत्येक सिलिंडरास त्यांत एक स्वतंत्र लहान दट्ट्या असतो. तो आपल्या नळींत इतका नेमका बसतो कीं दोहोंमधील फट मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांची. एंजिन मंद चालत असतां एका वेळीं टाचणीच्या डोक्याएवढेंच तेल जातें. १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत आलेली मर्सिडीज-बेंझ २६० डी ही ४५ अश्वशक्तीची गाडी याच जातीच्या पंपावर चाले.

या पंपाबरोबर निदानाची पहिली रीति जन्मास आली. एंजिन मंद चालूं ठेवून मिस्त्री पंपापासून निघालेल्या नळ्यांचे नट एकामागून एक किंचित् सैल करी. नट सैल होतांच एंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर कामकरी. आवाजांत फरक पडला नाहीं, तर गळणारा ठोका त्याचा. धूरहि साक्ष देई. एंजिन तापल्यावरहि पांढरा धूर व कच्च्या तेलाचा वास आला, तर तेल पोंचतें पण जळत नाहीं. दोष फवाऱ्यांत किंवा दाबांत. धूर नाहीं आणि जोरहि नाहीं, तर तेल पोंचतच नाहीं.

सर्वच सिलिंडर चढणीवर, म्हणजे मागणी वाढतांच, एकदम सुस्तावले तर मात्र मिस्त्री टाकीकडे वळे. झांकणाचें वायुछिद्र बुजलें आहे काय? गाळणी कचऱ्यानें वा पाण्यानें भरली आहे काय? ओढणाऱ्या नळीचा सांधा ढिला आहे काय? या शेवटच्या दोषानें भलेभले चकतात. कारण अशा नळींत बाहेरच्यापेक्षां दाब कमी असल्यामुळें चालतां तेल बाहेर ठिबकत नाहीं, उलट हवा आंत शिरते. तेल दबत नाहीं, हवा दबते. म्हणून पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांत खर्ची पडतो आणि नॉझल उघडतच नाहीं. यास उपाय दोन. पंपापूर्वीं पारदर्शक नळी बसवून बुडबुडे पाहावे. अथवा एंजिनास निराळ्या डब्यांतून स्वच्छ तेल पाजावें. तेवढ्यानें तें सुरळीत चाललें, तर पंप निर्दोष, व दोष टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या वाटेंत.

ही विद्या आपल्याकडे मोटारीपूर्वींच आली होती. पुण्यास १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचा कारखाना स्थापन झाला, आणि महाराष्ट्रांतील विहिरीविहिरींवर डीझेल एंजिनें घुमूं लागलीं. तेल संपून बंद पडलेल्या एंजिनाची हवा काढणें हें शेतकऱ्याच्याहि हातचें काम झालें.

दुसरें स्थित्यंतर १९९७ सालीं झालें. त्या वर्षीं इटलीच्या आल्फा रोमिओ १५६ या मोटारींत सर्व नॉझलांस एकच सामाईक नळी तेल पुरवूं लागली. तींतील तेलाचा दाब वातावरणाच्या सुमारें १,३५० पट असे. पुढें तो २,००० पटींवर गेला. फवाऱ्याची वेळ आतां विजेच्या आज्ञेनें ठरते. येथें जुन्या संवयीनें चालत्या एंजिनाचा नट सैल करणें म्हणजे हात गमावण्याची तयारी होय. कारण ती सुईसारखी धार कातडी भेदून मांसांत तेल शिरविते. आतां प्रत्येक नॉझलाकडून परत येणारें तेल बाटल्यांत धरून तोलतात. ज्याची बाटली इतरांपूर्वीं भरते, तें नॉझल झिजलेलें. दाब मागितला किती व मिळाला किती, हें संगणक सांगतो.

पण दाब कमी कां, हें तो नेहमींच सांगूं शकत नाहीं. तुंबलेली गाळणी, हवा ओढणारा सांधा व झिजलेला पंप हीं तिन्हीं त्याच्या पडद्यावर एकच आंकडा उमटवूं शकतात. यांतील पहिलीं दोन थोडक्या खर्चाचीं, तिसरें महिन्याची मिळकत गिळणारें. आंकडा वाचून एकदम पंपच बदलणारा मिस्त्री यंत्र वाचतो, विचार वाचत नाहीं. टाकीपासून निघावें, तेलाच्या वाटेनें एकेक मुक्काम तपासीत जावें, आणि स्वस्त संशय फिटल्यावांचून महाग संशयास हात लावूं नये, हा क्रम दोन्ही स्थित्यंतरांतून जसाचा तसा टिकला आहे. मोटारीच्या मालकास पाना धरतां आला नाहीं तरी चालेल. पण पंप बदलण्यास रुकार देण्यापूर्वीं 'गाळणी पाहिली काय? हवा शिरते कीं काय तें पाहिलें काय?' हे दोन प्रश्न त्यास विचारतां आलेच पाहिजेत.